शहर समिती झाली, पुढे काय? आधी मतदार यादी उघडा

तुमचा प्रश्न असा की गाव क वर्ग नगरपरिषदेचं, पक्षाची शहर समिती नव्याने झालीय, पंचवीस-तीस पोरं उत्साहात होती, नियुक्तीपत्रं वाटली, हार-तुरे झाले, फोटो पडले, आणि आता मीटिंगला निम्मेही येत नाहीत, जे येतात ते विचारतात काम काय करायचं, आणि जिल्ह्यावरून नुसतं 'बूथ सक्षम करा' एवढंच सांगतात. मी तालुक्याच्या संघटनेत बरीच वर्षं आहे, शहर सरचिटणीस होतो, आता बूथचं काम बघतो, सत्तेतला काळ थोडा पाहिला आणि विरोधातला भरपूर. पक्ष कुठला ते मुद्दाम सांगत नाही, कारण यातलं बहुतेक काम सगळ्याच पक्षांना लागू आहे आणि बहुतेक पक्ष ते करत नाहीत.

एका वाक्यात उत्तर पाहिजे असेल तर विधानसभा मतदार यादीत तुमच्या गावाचे जेवढे भाग आहेत (एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग) तेवढ्यांच्या प्रिंट काढा आणि त्या वाचायला बसा. आंदोलन, मेळावा, सदस्य नोंदणी, कार्यालय हे सगळं नंतर. लोकांना हे ऐकून कंटाळा येतो, मला माहितीय. पोरं राजकारणात आलेली असतात भाषणं करायला, गाड्या काढायला, आणि आपण त्यांच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा देतो. पण यातूनच कळतं की तुमच्या तिसातले कामाचे सात-आठ कोण.

साधा हिशोब बघा. समजा गावात २४,००० मतदार, १० प्रभाग, एका प्रभागातून दोन नगरसेवक. म्हणजे प्रभागाला साधारण २,४०० मतदार. मतदान ७० टक्के धरलं तर १,६८०. आता नगरपरिषदेला सरळ लढत क्वचितच होते, तिरंगी-चौरंगी असते, त्यात एखादा अपक्ष भावकीच्या जोरावर दीडशे मतं खाऊन जातो, म्हणजे सहाशे-साडेसहाशे मतांत माणूस निवडून येतो आणि पडणारा वीस-तीस मतांनी पडतो. आता त्याच प्रभागात लग्न होऊन आलेल्या पण नाव अजून माहेरच्या यादीत असलेल्या सुना किती, अठरा पूर्ण झाली पण नाव लावलंच नाही अशी कॉलेजची पोरं किती, पलीकडच्या प्रभागात नाव गेलेली घरं किती, हे मोजा. जिथे जिथे यादी नीट वाचलेली मी बघितलीय तिथे हा आकडा पडणाऱ्याच्या फरकापेक्षा मोठाच निघालाय. आणि उमेदवार निकालाच्या दिवशी म्हणतो, पैसा कमी पडला.

यादी वाचायची म्हणजे कशी, तर एकट्याने घरी बसून नाही. आमच्याकडे मारुतीच्या सभामंडपात रात्री जेवणं झाल्यावर बसतात, एका वेळी एकच भाग घ्यायचा. एकजण मोठ्याने वाचणार. बाकी कोण पाहिजेत, तर त्या गल्लीला दूध घालणारा, रेशन दुकानावर बसणारा पोरगा, शाळेतून रिटायर झालेले एखादे गुरुजी आणि जिला सगळ्यांच्या घरातलं माहिती असतं अशी एक आजी, ही तर पाहिजेच. वाचणारा म्हणतो अनुक्रमांक ४१२, दूधवाला म्हणतो ती लेकीकडे असते, दिवाळीला येते फक्त. ४१३, गुरुजी म्हणतात अहो ते गेल्या आषाढात गेले, मी होतो ना मयतीला. ४१४ ठीक. ४१५ ला सगळे गप्प. आजी पण गप्प. कोणीच ओळखत नाही. हा जो गप्प बसवणारा नंबर असतो तो सगळ्यात महत्त्वाचा, त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी त्या घरी जायचं. कधी ते नवीन भाडेकरू असतात, कधी नाव चुकीचं छापलेलं असतं म्हणून कळत नाही, कधी त्या घर नंबरवर घरच नसतं. एका पानावर तीस नावं, एका भागात हजारभर मतदार, एका बैठकीत अख्खा भाग होत नाही, घाई करू नका. घर क्रमांकाच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका, अर्ध्या यादीत तो नुसताच भरलेला असतो. शेवटची पुरवणी यादी वाचायची विसरू नका, वगळलेली आणि नवीन नावं तिथे सापडतात. वेबसाइटवरची पीडीएफ फोटोशिवाय असते, ती चालते, आणि मान्यताप्राप्त पक्षाला प्रारूप आणि अंतिम यादीची प्रत मोफत मिळते, ती जिल्हा कार्यालयात कपाटात पडलेली असते, जाऊन मागा.

आता फॉर्म. नवीन नाव लावायला ६ नंबर, नाव वगळायची हरकत ७ नंबर, दुरुस्ती आणि पत्ता बदल ८ नंबर. इथे एक घोळ सर्रास होतो. सासरी आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असतं आणि कार्यकर्ता उत्साहात तिचा ६ नंबर भरतो, झाली दुबार नोंद. तिचा ८ नंबर भरायचा, स्थलांतराचा. २०२२ पासून हे सगळं ८ नंबरमध्येच आहे, जुना ८अ बंद झालाय, पण गावात अजून त्याच्या झेरॉक्स फिरताना दिसतात. अठरा वर्षांची अट पूर्वी फक्त १ जानेवारीला मोजायचे, आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्या पोराचा अर्ज आगाऊ घेतात. म्हणजे बारावीच्या वर्गाबाहेर उभं राहायचं काम वर्षभर आहे, निवडणुकीच्या वर्षातच आहे असं नाही.

७ नंबरबद्दल एक सांगतो. मेलेल्या माणसाचं नाव काढा, कायमचं गाव सोडलेल्याचं काढा, पण समोरच्या पक्षाची वस्ती आहे म्हणून गठ्ठ्याने ७ नंबर टाकायचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला मीटिंगमधून उठवा. खोटं घोषणापत्र दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, आणि ते बाजूला ठेवलं तरी ज्याचं नाव तुम्ही काढायला गेलात ते घर पुढच्या तीन पिढ्या तुम्हाला मत देत नाही.

हे फॉर्म द्यायचे कुणाला, तर बीएलओला, म्हणजे आयोगाने त्या भागासाठी नेमलेल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, आणि द्यायचे कुणी, तर तुमच्या बीएलएने, म्हणजे पक्षाने त्या भागासाठी नेमलेल्या माणसाने. पक्षाने अधिकृत केलेल्या माणसाच्या सहीने नेमणुकीचा नमुना भरून जातो, त्याशिवाय तुमच्या पोराला अधिकृत किंमत नाही. एरवी बीएलए एका दिवसात दहापर्यंत अर्ज देऊ शकतो. बीएलओ म्हणजे बहुतेक शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका असतात, आधीच कामाने वाकलेल्या, त्यांच्यावर आवाज चढवणारा कार्यकर्ता मला अजिबात आवडत नाही. शाळा सुटल्यावर जा, अर्ज नीट भरून न्या, कागद लावलेले असू द्या, आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

पोचेवर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे मतदार यादीच्या घरोघरी फेरतपासणीत, प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. देशभर आरडाओरडा झाला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा समोर आलं की सगळ्या पक्षांचे मिळून १ लाख ६० हजारांवर बीएलए, आणि त्यांच्याकडून आलेल्या हरकती फक्त दोन. कोर्टानेच आश्चर्य व्यक्त केलं. पक्षांचं म्हणणं होतं की आमच्या लोकांचे अर्ज घेतात पण पोच देत नाहीत, मग कोर्टाने पोच द्यायला सांगितली. खरं कोणाचं यात मी पडत नाही. पण कागदावर लाखावर बीएलए आणि हातात पोच शून्य, ही गोष्ट मला अनोळखी वाटली नाही, आमच्या तालुक्यातल्या अर्ध्या बीएलएंना आपण बीएलए आहोत हेच माहीत नव्हतं, नावं जिल्ह्यावरच भरून गेली होती.

आणि नगरपरिषदेसाठी तर वेळेचा मुद्दा फारच कडक आहे. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची, पण नगरपरिषद घेतो राज्य निवडणूक आयोग, आणि तो स्वतःची यादी करत नाही, विधानसभेची तयार यादी एका ठरावीक तारखेची उचलतो आणि प्रभागात फोडतो. मागच्या नगरपरिषदांना ती तारीख होती १ जुलै २०२५. मतदान झालं २ डिसेंबरला, २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती जाहीर झाल्या होत्या, त्यातल्या काहींचं मतदान पुढे २० डिसेंबरला गेलं आणि मतमोजणी सगळ्यांची २१ ला झाली. आता जो कार्यकर्ता दिवाळीत जागा झाला आणि म्हणाला चला नावं लावू, त्याने लावलेलं एकही नाव या निवडणुकीत धरलं गेलं नाही. प्रभागनिहाय प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हा लोकांना वाटतं आता नावं घालता येतील, तसं नाही, तिथे मुख्यतः एवढंच की माझं नाव ३ नंबरऐवजी ४ नंबर प्रभागात पडलंय. हे मात्र जरूर बघायचं, कारण प्रभागाची हद्द एखाद्या ओढ्याने नाहीतर बोळाने जाते आणि यादी फोडणारा ऑफिसात बसून फोडतो, सबंध गल्ली पलीकडे गेलेली मी बघितलीय. दुबार नावांपुढे आयोगाने दोन तारे छापले होते, त्या लोकांकडून ते कुठे मतदान करणार हे आधी लिहून घ्यायचं होतं, त्यांना भेटून समजावायला पाहिजे होतं. किती जणांनी भेटी घेतल्या विचारू नका.

तर समिती. चाळीस नावांचं लेटरहेड असतं, एक अध्यक्ष, सहा उपाध्यक्ष, आठ सरचिटणीस, प्रसिद्धीप्रमुख दोन कारण दोघंही रुसले. मी म्हणतो पदं वाटा, हरकत नाही, माणसाला गावात मिरवायला काहीतरी लागतं, पण प्रत्येक पदापुढे एक यादी भाग नंबर लिहा. उपाध्यक्ष, भाग ११२. सरचिटणीस, भाग ११५. भाग घेणार नाही त्याला पद नाही. यावर दोन-तीन जण सोडून जातात, जाऊ द्या, ते तसेही उमेदवारीच्या वेळी दुसरीकडे गेलेच असते. आणि भाग देताना माणूस त्याच वस्तीत राहणारा पाहिजे. तुम्ही पेठेतला पोरगा गावकुसाबाहेरच्या वस्तीवर बूथप्रमुख केलात तर तो तिथे निवडणुकीच्या आधी आठवडाभर दिसणार, लोकांना ते लगेच कळतं. पिढ्यानपिढ्या ज्या वस्तीत पक्षाची मीटिंगच झालेली नाही तिथली माणसं समितीत नुसती नावाला घेऊन सतरंज्या उचलायला लावली की ती वर्षभरात जातात, आणि गेली की परत येत नाहीत. मीटिंग फिरती ठेवा, दर वेळी वेगळ्या वस्तीत, हा एवढा बदल केला तरी समितीचं तोंड बदलतं.

पूर्वीच्या पक्षांकडून शिकायचं असेल तर हेच शिकायचं. शिवसेना १९६६ ला निघाली तेव्हापासून तिची ताकद म्हणजे शाखा, संध्याकाळी तिथे बाकड्यावर बसलेला शाखाप्रमुख आणि नळाला पाणी नाही म्हणून आलेली बाई. सांगोल्यात गणपतराव देशमुख शेकापकडून अकरा वेळा आमदार झाले, त्यांच्याकडे काही साखरसम्राटाचा पैसा नव्हता, गावागावात ओळखणारी आणि हिशोब ठेवणारी माणसं होती. डहाणू-तलासरीत गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ मध्ये वारली आदिवासींमध्ये किसान सभेचं काम उभं केलं, आणि २०२४ ला राज्यभर लाट उलटी असताना डहाणूची जागा माकपने राखली. विचार पटो न पटो, वस्तीत बसून केलेलं काम असं टिकतं. आता आपण ते सगळं व्हॉट्सअपवर करायला बघतो.

महिलांचं वेगळं लिहितो कारण इथे सगळ्यात जास्त ढोंग चालतं. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा महिलांना आहेत, म्हणजे वीस नगरसेवकांत दहा. तरी समितीत महिला किती, तर 'महिला आघाडी' म्हणून एक वेगळं खातं, त्यात अध्यक्षांची वहिनी. मग आरक्षण सोडत निघाली की धावपळ, कुणाची बायको, कुणाची आई, आणि बॅनरवर तिच्यापेक्षा मोठा फोटो नवऱ्याचा. सोडतीच्या तीन-चार वर्षं आधी बायका कामात असायला पाहिजेत. सुरुवात कुठून, तर संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवातून करतात सगळेच, वाण वाटतात, फोटो काढतात, संपलं. त्याच हळदीकुंकवाला दारात एका ताईला रजिस्टर घेऊन बसवा, नाव, माहेरचं गाव, मतदार कार्ड कुठलं, रेशन कार्डात नाव आलं का, एवढंच विचारा. एका संध्याकाळी तुम्हाला ८ नंबरचे जेवढे फॉर्म मिळतील तेवढे पोरांना दारोदार फिरून महिन्यात मिळत नाहीत, कारण घरी गेल्यावर दार सासरा उघडतो आणि सून आतूनच ऐकत असते. आणि ते रजिस्टर घेऊन बसलेली जी ताई आहे ना, तिला भागाची जबाबदारी द्या, महिला आघाडीची नको, भागाची. बचत गटाच्या मानधनावर काम करणाऱ्या ताईंना मात्र पक्षाच्या कामात ओढू नका, तक्रार झाली तर त्यांचं काम जातं, आपलं काही जात नाही.

निवडणुका नसताना काय करायचं याला माझं आवडतं उत्तर म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशीचं टेबल. एक टेबल, दोन खुर्च्या, एक वही, नीट अक्षर असलेला एक पोरगा. बाजाराला सगळं गाव येतं, वाड्या-वस्त्यांवरून पण येतात. लोक काय घेऊन येतात, तर संजय गांधी निराधारचा अर्ज अडलाय, श्रावणबाळचे पैसे दोन महिने आले नाहीत, रेशन कार्डात नाव नाही, लाडक्या बहिणीची केवायसी होत नाही कारण मोबाईल नंबर दुसऱ्याचाच लिंक आहे. आता निराधार योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये आहे, आणि पेन्शन, अपंग सोडले तर, महिना १,५००. वर्षाला एकवीस हजारात कुठलं कुटुंब जगतं तुम्हीच सांगा, पण दाखला तेवढ्याचा लागतो, तलाठी त्यासाठी अहवाल देताना का-कू करतो, आणि म्हातारी चार हेलपाटे घालून गप्प बसते. तिचे कागद पूर्ण करणं, तिच्यासोबत तहसीलला जाणं, समितीच्या बैठकीत पुढे अर्ज लागला का ते विचारणं, हे काम आहे. वहीत तारीख, नाव, काम, कुठे अडलंय, कोण बघतोय एवढे रकाने पुरे. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये भाषणाऐवजी ती वही वाचायची. 'करतो' म्हणून सांगू नका, 'अर्ज लावतो, लागलं तर कळवतो' म्हणा. आधारच्या झेरॉक्स टेबलावर पडू देऊ नका, काम झालं की परत द्या. आणि तुमच्यातला कुणी एखाद्या बाईकडून पाचशे रुपये घेतल्याचं कानावर आलं तर त्याच आठवड्यात त्याला बाहेर काढा, कितीही कामाचा असला तरी, कारण ती गोष्ट गावात तुमच्या सगळ्या कामापेक्षा जोरात पळते.

यातून आंदोलनाचे विषय आपोआप निघतात. पाणी चार दिवसांनी येतं ही तक्रार टेबलावर पन्नास वेळा आली की मग मुख्याधिकाऱ्यांना निवेदन. निवेदन आवक-जावकला देऊन आवक नंबर घ्या, साहेबांसोबत फोटो काढून येऊ नका नुसतं. मग पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. मग माहितीचा अधिकार, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. टाकीच्या दुरुस्तीचं बिल कधी निघालं, पंप किती तास चालला त्याचं लॉगबुक, हे मागा. हे सगळं हातात आल्यावर घागर मोर्चा काढलात तर अधिकाऱ्याला बोलायला जागा राहत नाही. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी घागरी फोडल्या आणि मग कागद, तर दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात आणि पाणी चार दिवसांनीच येतं. पोलिसांना आधी लेखी कळवा. पूर्वी १४९ ची नोटीस यायची, आता बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या १६८ ची येते, ती घ्यायला घाबरायचं नाही, पण जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते बघून घ्यायचं. आणि एक गोष्ट, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं मोर्चाच्या पहिल्या रांगेत उभी करू नका. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत त्यांचं आयुष्य अडकतं. पुढे चाळिशीतले आम्ही थांबतो, आमचं काय जायचंय. पोरांना घोषणा द्यायची हौस असते, त्यांना समजावून मागे ठेवणं शहराध्यक्षाचं काम आहे आणि ते न करणारा अध्यक्ष पोरांच्या आईबापाला तोंड देऊ शकत नाही.

पैशाचं पटकन सांगतो. महिन्याला प्रत्येक पदाधिकाऱ्याने शंभर-दोनशे रुपये, पावती फाडून, वहीत लिहून, आणि हिशोब मीटिंगमध्ये मोठ्याने वाचायचा. एकाच बिल्डरने किंवा एकाच ठेकेदाराने कार्यालयाचं भाडं भरलं की समिती त्याची झाली, मग रस्त्याच्या कामावर तुम्ही तोंड उघडू शकत नाही. दोन हजारांच्या वर रोख देणगी घेऊ नका, नियमानेच ती चालत नाही, चेकने प्रदेशच्या खात्यात जाऊ द्या. फ्लेक्सवर खर्च करू नका असं सांगून कोणी ऐकत नाही, तर निदान नगरपरिषदेची परवानगी काढून लावा, नाहीतर विद्रुपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे आणि हायकोर्ट यावर वारंवार चिडलेलं आहे. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या पैशात दहा भागांच्या याद्यांच्या प्रिंट निघतात एवढंच म्हणतो. व्हॉट्सअपला एक ग्रुप फक्त सूचनांचा ठेवा, ज्यात अ‍ॅडमिनच लिहील. बाकी गुड मॉर्निंगला आणि जातीधर्माच्या फॉरवर्डला दुसरा ग्रुप ते स्वतःच काढतात, काळजी नको.

मग येते उमेदवारी, जिथे दोन वर्षांचं सगळं काम एका रात्रीत पाण्यात जाऊ शकतं. नगराध्यक्षाचंच बघा, २०१६ ला थेट जनतेतून केला, २०२० ला ते काढलं, २०२२ ला परत थेट. त्यामुळे आता मतदार तीन मतं देतो, एक नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या अ आणि ब जागांना, आणि वरचे नेते नगराध्यक्षपदासाठी समोरच्यांशी तडजोड करतात आणि तुमच्या प्रभागातला भाग सांभाळणारा माणूस त्या तडजोडीत उडतो. हे तुम्ही थांबवू शकाल असं मी म्हणत नाही, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाच्या खिशात आहे ते शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत कळत नाही. पण दोन गोष्टी हातात आहेत. एक, भागवार काम कोणी किती केलं हे वहीत लिहिलेलं असेल तर निदान वाद कागदावर होतो, तोंडावर होत नाही. दुसरी, इच्छुकांची कागदपत्रं वर्षभर आधी बघून ठेवा. राखीव जागेला जात वैधता लागते, ती जात पडताळणी समितीकडून यायला वेळ लागतो. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी बघा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर पुढे अपात्रतेचा धोका राहतो, हे विचारायला लाजू नका, समोरचा छाननीच्या दिवशी वकील लावून विचारतोच. चांगला माणूस घरपट्टीच्या पावतीवरून बाद होतो आणि डमी अर्ज भरलेला त्याचा मेहुणा उमेदवार होतो, मग पुढची पाच वर्षं काय होतं ते आमच्या गावाला येऊन बघा.

मतदानाच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, तुमचा प्रश्न तो नाहीये. भागवार माणूस असेल तर पोलिंग एजंट शोधायला लागत नाही, हा मुख्य फायदा. विधानसभेला-लोकसभेला मॉक पोल, म्हणजे मतदान यंत्राची चाचणी, मतदानाच्या नव्वद मिनिटं आधी असतो आणि त्यात किमान पन्नास मतं टाकून बघायची असतात, एजंट सात वाजता डोळे चोळत गेला तर ते हुकतं, आणि संध्याकाळी १७सी ची प्रत घेतल्याशिवाय जागा सोडायची नाही, त्यावर किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. हरलात तरी दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्ल्यांतून आभाराला फिरा, हातात यादी घेऊन, कारण तेव्हा लोक खरं बोलतात, कुणी कुठे पैसे वाटले ते पण सांगतात आणि तुमचं काय चुकलं ते पण.

शेवटचं, जिल्ह्यावरून लक्ष देत नाहीत ही तक्रार. नाही देत, खरंय. त्यांना फोन येतो फोटो पाठवा, उपस्थिती किती, व्हिडिओ काढला का. फोटो पाठवा, त्यात काय जातं. पण महिन्याला एक पान पण पाठवा, भाग नंबर, बीएलएचं नाव, ६ नंबर किती दिले, ८ नंबर किती, पोच किती आल्या, टेबलावर किती कामं आली, किती मिटली. सुरुवातीला ते कोणी उघडणार नाही. मग विधानसभा जवळ येते, आमदारकीचा एखादा इच्छुक तालुक्यात फिरायला लागतो आणि त्याला कोणीतरी सांगतं की अमुक गावात याद्या वाचलेल्या आहेत. तो स्वतः गाडी घेऊन येतो, चहा मागवतो, अगदी आपुलकीने वही बघायला मागतो. त्याला झेरॉक्स द्यायची, तीही फक्त आकड्यांच्या पानाची. मूळ वही खजिनदाराच्या घरी ठेवा.